दादानं जपानहून आणलेली झाडलोट

माणूस गेला की त्याचे कपडे लोक वाटून टाकतात. किस्से मात्र घरातच साठत जातात. भेटायला येणारा प्रत्येकजण अर्धा कप चहा पितो आणि एक किस्सा ठेवून जातो. आई ऐकते, हसते आणि मग उठून आत जाते. आता इतके झालेत की कुठंतरी उतरवून ठेवावेत म्हटलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाहूवाडीच्या डोंगरात एका सरकारी शाळेत मास्तर होता. मी नववी नापास, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, टेम्पो चालवतो. या उन्हाळ्यात मलकापूरच्या अलीकडे त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. त्याच्या आदल्या वर्षी तो शिक्षकांच्या अभ्यासदौऱ्यावर जपानला जाऊन आला होता. सोबत चौगुले सर आणि कांबळे मॅडम होत्या. तिकडचे किस्से या दोघांनीच सांगितलेले.

*

तिथल्या शाळेत बूट दारातच काढायचे आणि आतल्या सपाता घालायच्या. चौगुले सर जुने पैलवान. त्यांच्या पायात एक सपात बसेल तर शपथ! शेवटी नुसत्या सॉक्सवर आत गेले. तर डाव्या सॉक्समधून अंगठा बाहेर!

सर दिवसभर डाव्या पायावर उजवा पाय ठेवून उभे. देवळातल्या मूर्तीसारखे. दादा कानात म्हणाला, "सर, भोक तुमच्या सॉक्सला हाय. आपल्या खात्याला न्हाई. पाय खाली ठेवा की!"

सर हे सांगताना अजून हसतात. परवा सांगता सांगता रडले.

*

दुपारी त्या शाळेत गाणं वाजलं आणि सगळी पोरं उठली. कुणी झाडू घेतला, कुणी फडकं, कुणी बादली. हेडमास्तरसुद्धा गुडघ्यावर बसून जिना पुसायला लागले.

आमची मंडळी फोटो काढतायत. चौगुले सरांनी दुभाष्या बाईंना विचारलं, "आज शिपाई रजेवर हाय काय?"

बाईंनी हेडमास्तरांना विचारलं. ते दोघं बराच वेळ बोलले. मग बाई परत येऊन म्हणाल्या, "त्यांना कळत नाहीये. शाळा मुलांची, तर दुसरं कोण झाडणार?"

तेवढ्यात दादा कुठं गेला म्हणून बघतात, तर हा फडकं घेऊन पोरांबरोबर ओणवा होऊन व्हरांड्यात पळतोय! दुसरीतल्या एका पोरीनं त्याला मागं टाकलं. वळणावर दादा घसरला आणि थेट भिंतीवर. कपाळाला टेंगूळ. दौऱ्याच्या सगळ्या फोटोंत ते टेंगूळ आहे.

त्यातलाच एक फोटो आता हार घालून भिंतीवर लावलाय. दुसरा चांगला फोटोच नव्हता.

*

परत आल्यावर गावानं सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. दादानं जीव तोडून भाषण केलं. तिकडची एका गल्लीतली पोरं एकत्र गट करून चालत शाळेत येतात, मोठी पोरं बारक्यांना सांभाळतात, सगळी मिळून शाळा झाडतात, असं सगळं सांगितलं.

"कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा," म्हणाला.

मागून एकजण उठला. "सर, तिकडं मटण मिळतं काय?"

*

दादानं शाळेत ते सगळं सुरू केलं. वस्तीवार गट केले. एका वस्तीतली पोरं एकत्र येणार, आणि झाडलोटीची पाळीही गटाचीच. सोमवारी जो गट पहिला शाळेत पोचेल, त्याची पहिली पाळी. अगदी जपानसारखं!

शाळेला सगळ्यात जवळ बौद्धवस्ती. तीच पोरं पहिली आली. त्यांच्या हातात झाडू आला.

दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतला शामराव आला. त्याची पोरगी तिसरीत. आवाज न चढवता म्हणाला, "सर, माझ्या आजीनं ह्यो गाव झाडला. आईनं झाडला. माझ्या पोरीच्या हातातला झाडू सुटावा म्हणून तिला शाळेत घातली. त्यो तुम्ही इमानात घालून परत आणला व्हय?"

दादा त्या रात्री कोल्हापूरला घरी आला आणि ताटावरून उठला. मी म्हटलं, "दादा, त्याला नीट समजावून सांग की."

"काय सांगू? त्याचं बरोबर हाय. तिकडं गल्ली म्हणजे नुसती गल्ली. आपल्याकडं वस्ती म्हणजे काय, हे मला ठावं न्हवतं व्हय रं?"

त्यानं कांबळे मॅडमना फोन लावला. त्याही त्याच समाजाच्या. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही अख्खं जपान बघून आला, पण तुमचं गाव बघायचं राहिलं. गट मोडा. आणि आधी स्वतः संडास धुवा."

*

दादानं गट मोडले. चिठ्ठ्या टाकून नवे केले आणि प्रत्येक गटात सगळ्या वस्त्यांची पोरं आली. मास्तरचीही चिठ्ठी टाकली, तो चौथ्या गटात. पहिल्या दिवशी त्यानं स्वतः संडास धुतला. सोबत सरपंचांचा नातू, यश.

सरपंचीणबाई तणतणत आल्या. "माझ्या नातवाच्या हातात खराटा? घरात पाण्याचा तांब्या उचलत न्हाई त्यो!"

दादा म्हणाला, "काकी, मग उचलायला शिकला म्हणून पेढं वाटा की!"

बाईंनी पेढे वाटले नाहीत. महिनाभर दादाशी बोलल्याही नाहीत. पण यश येत राहिला. आणि एक दिवस शामराव फाटकाबाहेर बराच वेळ उभा राहिला, आत यशच्या हातातला खराटा बघितला आणि निघून गेला. दादाला त्याचा जपानपेक्षा जास्त आनंद झाला होता.

*

दादा गेल्यावर शोकसभा झाली. शिक्षण खात्यातले एक साहेब आले होते. म्हणाले, "सरांनी फिनलंडमध्ये जे पाहिलं, ते खेड्यात रुजवलं."

मला वाटलं, चुकून आलं तोंडात. साहेब पुन्हा म्हणाले, "फिनलंडची ती शिस्त..."

मी उभाच राहिलो. "जपान! जपान हो साहेब! माणूस मेलाय, देश तरी बरोबर सांगा!"

चौगुले सरांनी मला खाली ओढलं. साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी पुढं फिनलंडच चालू ठेवलं.

*

दिवाळीनंतर कांबळे मॅडमचा फोन आला. नव्या मास्तरांनी झाडलोट बंद केलीय. गावानं झाडायला एक बाई ठेवलीय, बौद्धवस्तीतलीच.

माझं डोकं फिरलं. दादाचं एवढंच मागं राहिलं होतं, तेही पुसून टाकतात? माल भरलेला टेम्पो तसाच घेऊन शाळेकडं निघालो. दोन कानाखाली द्यायच्या, पुढचं पुढं. फाटकातून आत गेलो तेव्हा दुपारची सुट्टी संपत आली होती. नवे मास्तर पोरगेलेसे, खुर्चीवर बसलेले. मला बघून उठले. "या पावणं. कोण आपण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती मावशी खराटा घेऊन व्हरांड्यात आली. यश पळत गेला आणि तिच्या हातातला खराटा धरला.

"मावशी, आज आमची पाळी हाय."

"आरं, मला पगार हाय त्येचा."

"असू दे की. तुम्ही बसा."

शामरावच्या पोरीनं मास्तरांची खुर्ची ओढत आणली. मावशी नको नको म्हणत अगदी कडेला टेकली, पदर सावरला. पोरांनी बादल्या उचलल्या. मी मास्तरांकडं बघत होतो. मास्तर आपल्या खुर्चीकडं बघत होते.

शामरावची पोरगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, तुमचा गट चौथा. संडास तुमच्याकडं. बादली मागं हाय!"