रेघेतला वाक

परंड्याकडच्या एका गावातली विहीर पिण्याच्या पाण्याला पुरेल का, हे मला ठरवायचं होतं. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती पहिली वर्षं. पद्धत साधी होती. इंजिन लावून विहीर उपसायची, मग काठावर बसून वजन बांधलेली दोरी सोडत पाणी किती चढलं ते मोजत राहायचं आणि ते आकडे आलेखाच्या कागदावर मांडायचे. त्या महिन्यातली ती माझी नववी विहीर. मला विहिरींचा वीट आला होता.

उपसलेलं पाणी लांब ओढ्यात सोडायचा नियम होता. पण विहिरीला लागून कांदा लावलेले एक म्हातारे चाचा होते. एवढं पाणी मातीत घालायचं का, असं त्यांनी अजिजीनं विचारलं. माझ्या गावाकडंही तांब्याभर पाणी सांडलं तरी घरात बोलणी बसतात. माझ्याही जिवावर आलं होतं. मी पाट कांद्यात वळवू दिला.

मुक्कामी येऊन आकडे मांडले. पाणी सुरुवातीला भराभर चढतं आणि मग मंदावतं. इथं ते मंदावून दुपारनंतर पुन्हा जोरात चढलं होतं. रेघेला तिथं वाक आला. जमीन मुरमाड, कांद्यातलं पाणी मुरून विहिरीतच परतत होतं. मला हे तेव्हाच कळलं. पण मग पुन्हा इंजिन, पुन्हा तीन दिवस ऊन. मी पट्टी घेतली आणि वाक मोडून सरळ रेघ ओढली. परतलेलं पाणीही झऱ्याचंच धरलं गेलं आणि विहीर पास झाली. ओढ्याकाठी दुसरी विहीर खणायचा विचार गावानं सोडून दिला.

चैत्रात गेलो तर तळाशी चिखल होता. बाया दीड कोसावरून पाणी आणत होत्या. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. चाचांनी मात्र मला लिंबाखाली बसवलं आणि पेलाभर पाणी पुढं केलं.

"साहेब, तुमी मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "म्या कांद्यात पाणी घेतलं, तिथंच घोळ झाला. गलती माझी हाय. गावाला तसं सांगितलंय. लोक बोलत न्हाईत माझ्याशी, पर खरं ते खरं."

मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी ते पाणी प्यालो आणि "असेल" म्हणालो.