चूलबंद आवतण आणि लिस्प

सत्तरच्या दशकात मी एका कारखान्याच्या संगणक विभागात हंगामी होतो. फोरट्रान ही संगणकाची एकच भाषा मला येत होती. साहेब म्हणाले, "कोबॉल शीक, पगारपत्रकं कर, कायम करतो. नाहीतर बिनपगारी रजा घे आणि मुंबईला जाऊन तुझी ती लिस्प शीक. परत आल्यावर जागा असेलच असं नाही. सोमवारी सांग."

साहेबांचं चुकत नव्हतं. पण फोरट्रान काय, कोबॉल काय, दोघी मशीनला 'आधी हे कर, मग ते कर' असं दरडावणाऱ्या. लिस्पची चालच न्यारी. मात्र मी मिळवलेल्या तिच्या टिपणांत एक व्याख्या होती, ती स्वतःचंच नाव घेऊन स्वतःला समजावत होती. मी वैतागलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रविवारी बेगडेवाडी स्टेशनला उतरून सुदुंबऱ्याला घरी गेलो. पुढच्या आठवड्यातल्या भावकीतल्या लग्नाचं चूलबंद आवतण होतं. म्हणजे लग्नाच्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. आचाऱ्याला माणसं सांगायची होती, म्हणून वडिलांनी त्यांच्या चुलत्यांना, आबांना विचारलं, "आबा, तुमच्याकडली किती?"

आबांनी स्वतः मोजलंच नाही. ओट्यावरूनच मुलांना हाक दिली, "तुमची किती रं?" मुलांनी तेच आपापल्या पोरांना विचारलं. आबांची विधवा लेक, माझी आत्या, मागल्या खोलीत एकटी राहायची. ती म्हणाली, "माज्यामागं कोन हाय? मी येकलीच. येक धरा." मग जो तो आपली भर घालत आकडा आबांकडे पोचवत गेला.

सगळीकडे एकच प्रश्न, आणि ज्याच्यामागे कुणी नाही तिथून उत्तर परत फिरतं! टिपणातली व्याख्या हेच तर सांगत होती. इतकी वर्षं हे समोर घडत होतं आणि मला दिसलं नव्हतं.

दुपारी जेवताना वडिलांना साहेबांचं बोलणं सांगितलं आणि म्हणालो, "मी कोबॉल घेत न्हाई. लिस्प शिकाया मुंबईला जातो." त्यांचा घास हातातच राहिला.

"डोस्कं फिरलं का? भाकर देनारी सोडून ही दुसरी कशापायी?"

मी सकाळच्या मोजणीवरून जमेल तसं समजावलं. आत्या दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हंजी त्या मशीनलाबी माज्यासारकं कुनी लागतं?"

"व्हय आत्या. न्हाईतर ते नुसतं इचारतच बसंल. उत्तर कदी यायचंच न्हाई."

आत्या वडिलांना म्हणाली, "दादा, जाऊ द्या त्याला."

तिच्या शब्दाला घरात कुणी किंमत दिल्याचं तोवर मी पाहिलं नव्हतं. वडिलांनी घास तोंडात घातला, सावकाश गिळला आणि मला म्हणाले, "जा."