काकूंचं मानपत्र

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. आमच्या ग्रुपचे प्रमुख म्हणजे पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. ते एरवी मेसेज करतात. फोन आला म्हणजे काहीतरी विशेष. "यंदाचा सन्मान तुमच्या भागात येतोय बरं का," ते म्हणाले, आणि त्यांना खोकला आला. तो अर्धं मिनिट तरी चालला असेल. तेवढ्यात मी कोणता ड्रेस घालायचा ते ठरवलं, आईला कसं सांगायचं ते ठरवलं, आणि दोन वाक्यं बोलावी लागली तर कोणती बोलायची, तीही जुळवली. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "कोऱ्हाळ्याच्या काकूंना द्यायचं एकमताने ठरलंय. मानपत्र तू लिही. तुझं लिहिणं चांगलं आहे."

मी लिहिते म्हणाले. एकमताने म्हणजे मला कुणी विचारलंच नव्हतं, हे जिना चढून वर आल्यावर लक्षात आलं.

आमचा ग्रुप जिओकॅशिंगचा आहे. एकाने कुठेतरी एक डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी फोन हातात घेऊन ती शोधायची. आत कागद असतो, त्यावर सही करायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. ग्रुपचा वर्षाचा एक सन्मान सोडला तर बक्षीस नाही, हार-जीत नाही. एकच नियम सगळे पाळतात, की शोधताना आजूबाजूच्या माणसांना कळू द्यायचं नाही. मला हा खेळ आवडला तो या नियमामुळे. मी वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि आता लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याची कागदपत्रं सांभाळते. कुणाला काही विचारणं मला जमत नाही. साधा पत्तासुद्धा मी विचारत नाही, पुढे जाऊन वळून येते. कुणाशीही न बोलता पूर्ण करता येतो असा हा एकच छंद मला सापडला होता. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत तो खेळणारी मी एकटीच होते. मग काकू आल्या, आणि त्या माझ्यामुळेच आल्या.

माझी पहिली डबी मी कोऱ्हाळे बुद्रुकच्या जवळ कालव्याच्या कडेला ठेवली होती, मसाल्याची प्लास्टिकची डबी. चुकून कुणाच्या हाती लागली तर वाचावी म्हणून आत इंग्रजीत चिठ्ठी होती, की हा कचरा नाही, हा एक खेळ आहे, कृपया परत ठेवा. ती काकूंच्या हाती लागली. काकू पन्नाशीच्या, घरचा ऊस, शेत कालव्याला लागून. त्यांनी मुलीकडून चिठ्ठी वाचून घेतली आणि कागदावर मराठीत लिहिलं, "उद्या पाचट पेटवणार हाय, डबी जळंल. पुलाकडं सरकवली." दुसऱ्याची डबी हलवणं खेळात बसत नाही. मी ते वाचून संतापले आणि दुसऱ्या दिवशी डबी आणायला गेले. कालव्याची कड काळी पडलेली होती, पुलाच्या दगडात डबी शाबूत होती. आभार मानायला मी त्यांच्या घराकडे गेले नाही. त्याच महिन्यात त्यांनी स्वतःच ॲप घेतलं.

तेव्हापासून ग्रुपवर सगळं काकूंचंच. त्या दुचाकीवरून जायच्या, डोक्याला रुमाल, पिशवीत खुरपं. मी डबीजवळचं देऊळ, पूल, शिलालेख यांची वर्णनं इंग्रजीत तासन्‌तास बसून लिहायचे, त्याला चार अंगठे मिळायचे. काकू एका ओळीत लिहायच्या, "गावली. पाणी प्यायला दिलं तितल्या वहिनींनी," आणि त्याखाली पन्नास जण हसायचे. मी ते रोज सकाळी बघायचे. त्यांच्या सापडलेल्या डब्यांचा आकडा माझ्या पुढे गेला तो दिवस मला अजून आठवतो, कारण त्या दिवशी मी उगीच आईशी भांडले. माझ्या आठ डब्यांपैकी पाच हरवल्या होत्या. काकूंची एकही कधी हरवली नाही.

मानपत्रासाठी माहिती गोळा करायची म्हणून मी दोन रविवार राखून ठेवले. मी ग्रुपला सांगितलं ते एवढंच. खरं म्हणजे मला काकूंच्या सह्या तपासायच्या होत्या. काही लोक डबी न शोधताच ॲपवर "सापडली" लिहितात. इतक्या डब्या इतक्या पटापट कशा सापडतात, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. एक सही जरी गायब निघाली असती तरी मला पुरलं असतं.

पहिल्या रविवारी पुण्याच्या मंडळींनी आमच्या भागात लपवलेल्या पाच डब्या उघडल्या. पाचही कागदांवर त्यांची मोठ्या अक्षरांतली सही होती. एका ठिकाणी तर कागद भिजलेला म्हणून त्यांनी नवा घातला होता आणि जुन्यावरची सगळ्यांची नावं, माझंही, त्यावर उतरवून काढली होती. ते बघून मला अधिकच राग आला.

दुसऱ्या रविवारी मी माझ्याच एका डबीकडे गेले. लोणी देवकरच्या पलीकडे एका गावात, दोन शेतांच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड आहे, त्याच्या बुडाशी मी ती ठेवली होती. दोन वर्षांत एकदाही फिरकले नव्हते. आपली डबी आपण अधूनमधून बघून यायची असते, पण तिथे शेतात माणसं असतात, बघतात, विचारतात. दगडापाशी डबी नव्हती. मी दहा मिनिटं वाकून, उकिडवी बसून, फोन फिरवून शोधलं. मग मागून आवाज आला.

"ती आता तितं न्हाय. पलीकडं लिंबाच्या ढोलीत हाय."

बांधावर एक म्हातारे आबा बसले होते. मी आले तेव्हापासून ते तिथेच होते. तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं.

"सगळ्या गावाला म्हाईत हाय. कोऱ्हाळ्याच्या बाईनं सांगून ठेवलंय, कुणी आलं तर आधी त्यास्नी शोधू द्या, लगीच दावू नका. तुमी लई येळ लावला म्हणून बोललो."

मला आनंद झाला, हे इथे लिहिलंच पाहिजे. सगळे पाळतात तो खेळातला एकच नियम, आणि काकूंनी तो अख्ख्या गावाला सांगून मोडला होता. बाकीच्या डब्याही त्या अशाच शोधत असणार, विचारून, माणसांना सामील करून. ग्रुपला पाठवायचं पत्र माझ्या डोक्यात इंग्रजीत आपोआप तयार होऊ लागलं. फक्त एक तपशील हवा होता म्हणून मी आबांना विचारलं, की दगडापासून डबी हलवली कशासाठी.

"अवो, कुणीतरी शहाण्यानं हद्दीच्या दगडापाशी आकडे लिहून डबी ठेवली. आमाला वाटलं, मोजणी आली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एमआयडीसी वाढणार, जमिनी जाणार, अशी कुजबुज तेव्हा गावात होती. त्या कोपऱ्यावर दोन सख्ख्या भावांची शेतं भेटतात. नांगरताना एकाला डबी दिसली. वर खेळाचा नंबर, आत तारखा आणि इंग्रजी अक्षरं. त्याला वाटलं, भावाने चोरून मोजणीवाले आणून खूण करून घेतली, जमीन विकायला काढली. भावाला वाटलं हे सोंग याचंच आहे. गळपट्ट्या धरल्या गेल्या. एकाने पहार आणून दगडच उपटायला घेतला. माणसं जमली, पोलीस पाटलांना निरोप गेला. आणि नेमक्या त्या वेळी एक बाई दुचाकीवरून उतरली आणि हातातल्या फोनकडे बघत बघत सरळ त्या दगडाकडे चालत आली.

लोकांनी काकूंना घेरलं. काकू बांधावर बसल्या, पाणी मागितलं, आणि फोनवर एकेक डबी दाखवत तासभर समजावत राहिल्या. कोऱ्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या बांधावरही अशीच निघाली होती, हेही सांगितलं. शेवटी हद्दीपासून काढून डबी लिंबाच्या ढोलीत ठेवायची ठरली, आणि ठेवण्याआधी त्यांनी दोघा भावांना कागदावर सही करायला लावली.

"दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या," आबा म्हणाले. "वाटणीच्या येळंला सुदीक केल्या नव्हत्या." ते त्यावर बराच वेळ हसत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमी कुणाच्या?"

मी त्यांच्याच ग्रुपमधली आहे, असं मी सांगितलं.

"मंग त्या शहाण्याला वळखत असाल."

"नाही," मी म्हणाले.

ढोलीत डबी होती. कागदावर दोघा भावांच्या सह्या, त्याखाली आणखी दहाबारा, दोन अंगठे, सगळ्यात खाली काकू. आणि सगळ्यांच्या वर माझ्या अक्षरातलं कार्ड, त्यावर मी खेळात वापरते ते नाव. म्हणजे डबी कुणाची हे काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरी येऊन मी त्या दिवशीची त्यांची ॲपवरची नोंद काढली. "गावली. जागा बरी हाय," एवढंच लिहिलं होतं.

पत्र मी पाठवलं नाही. मानपत्र लिहायला बसले. मला मानपत्राची भाषा येत नाही, म्हणून बाबांना कधीतरी मिळालेलं एक काढून समोर ठेवलं आणि त्यातले निष्ठा, चिकाटी, अथक परिश्रम हे शब्द उचलले. तीन दिवस मी ते घासत होते आणि त्या दगडाबद्दल एक अक्षर लिहीत नव्हते. काकूंनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच होतं आणि ग्रुपमध्ये ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी गप्प राहिले असते तर ते तिथेच, त्या ढोलीत राहिलं असतं. बाबांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पतसंस्थेच्या चेअरमनलाही चालेल."

ते मला लागलं. प्रमुखांनी माझ्याबद्दल एकच चांगली गोष्ट म्हटली होती, की मी लिहिते चांगलं. काकूंपेक्षा माझ्याजवळ जास्त असं तेवढंच होतं. म्हणून शेवटच्या दिवशी मी दगडाची सगळी हकिकत त्यात घातली, सह्यांबद्दलच्या आबांच्या वाक्यासकट. फक्त "एका सदस्याने ठेवलेली डबी" असं लिहिलं.

कार्यक्रम भिगवणला होता, धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका मासे मिळणाऱ्या हॉटेलात. वीसेक माणसं. काकू नव्या साडीत आल्या होत्या आणि अवघडून बसल्या होत्या. प्रमुखांनी मानपत्र वाचलं. वाटणीच्या वाक्याला सगळे हसले, एकीने डोळे पुसले, आणि मला क्षणभर वाटलं की हे हसू माझं आहे. पण सगळे बघत होते काकूंकडे. शाल आणि श्रीफळ झालं. ताटं आली. मग पुण्याच्या एका मुलाने सहज विचारलं, "काकू, पण डबी कुणाची होती?"

"आता काय आठवतंय," काकू भाकरी मोडत म्हणाल्या. "लई दिस झालं."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या, आणि इतकं सहज, की मला आभार मानायलाही जागा ठेवली नाही. शाल त्यांची, टाळ्या त्यांच्या, माझा परिच्छेदही त्यांचाच झाला होता. आता हा चांगुलपणाही त्यांच्याच पदरात पडत होता. प्रामाणिकपणा वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. एवढं एक त्यांना मिळू नये, असं वाटलं.

"माझी होती," मी म्हणाले.

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. शेजारचं टेबलही वळलं. मग लिहिताना का लपवलं, असं प्रमुखांनी विचारलं. तो पुण्याचा मुलगा काहीतरी गंमत करणार होता, पण काकूंनी घास खाली ठेवला.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "आता कबूल केलंस तर ऐक पोरी. डबी ठिवलीस, मागनं येऊन बघायला नगं का? कुणाची हद्द हाय, एका माणसाला इचारायला नगं का? पहार दगडाला लागली हुती." त्या हसत नव्हत्या. मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "खा. मासा गार व्हतोय."

मी खाल्लं. कुणी त्या विषयावर परत बोललं नाही. त्यामुळे सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत होतं ते एवढंच, की माझ्या चुकीचा हिशेब मांडण्याचा हक्कही त्यांनाच मिळाला.

नंतर बाहेर पाण्याच्या बाजूला फोटो काढले. वारा होता. काकूंची शाल सारखी खांद्यावरून घसरत होती, म्हणून त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी शाल सावरली. नेमका तेव्हाच फोटो निघाला. ग्रुपवर तोच आला, काकू खाली शालीकडे बघताहेत आणि मी सरळ समोर, छातीशी नारळ धरून.

आईने तो माझ्या फोनवर बघितला. "सत्कार झाला तुझा? आणि सांगितलं नाहीस," ती म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत फोटो मावशीला पाठवला. मावशीचे अभिनंदनाचे मेसेज आले, फुलांच्या चित्रांसकट. मी प्रत्येक मेसेजला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. दोन दिवस असेच गेले. क्वार्टर्समधल्या दोन काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, मी हसले. ते दोन दिवस फार चांगले होते.

तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अगं, तो सत्काराचा नारळ ठेवलास कुठे? आज फोडते म्हणजे वड्या होतील. मी पर्स उघडून बघितल्यासारखं केलं. मग मला तिला सांगावं लागलं की नारळ कोऱ्हाळ्याला आहे.