ककणेरीची भिंत

मला पक्ष्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. मी देवगडची. आमच्याकडे कावळ्याला घास घालायचा, कोंबड्यांना कणी टाकायची आणि आंब्यावर बसणाऱ्या बाकीच्या समस्त पाखरांना हाकलायचं, एवढंच पक्षिज्ञान. नवरा मात्र असा मिळाला की आठवडाभर मुंबईच्या कचेरीत मान खाली घालून खर्डेघाशी करायचा आणि रविवार उजाडला की गळ्यात दुर्बीण अडकवून मान वर. चाळीतल्या बायका मला विचारायच्या, "आज काय पाहिलं गं तुझ्या ह्यांनी?" मी म्हणायचे, "कावळे. दुसरं काय असतं इथं?"

ही गोष्ट साठ सालाच्या पुढचीमागची. त्याच्या आदल्या वर्षी मी माहेरी बाळंत झाले होते. मुलगी झाली. नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नावही नव्हतं तिला. मुंबईच्या चाळीत वाटायची बर्फी राहिली ती राहिलीच.

मूल गेलं तरी बाळंतिणीचे दिवस काही चुकत नाहीत. माजघरापलीकडच्या त्या काळोख्या खोलीत आईनं मला पुरते चाळीस दिवस ठेवलं. ओव्याची धुरी, शेक, मिरी घातलेला भात, सगळं वेळच्या वेळी. मांडीवर मात्र काही नाही. खिडकीला गोणपाट. दाराबाहेर उंबऱ्याशी आई माझ्याकडे पाठ करून बसलेली. मी म्हणायचे, "सोड माका भायर." ती मागं न वळता म्हणायची, "दिवस भरांदेत." हे मुंबईहून आले, दोन दिवस ओटीवर बसले, रजा संपली, गेले. आईवर माझा असा राग बसला की मुंबईला परत आल्यावर वर्षभर तिला मी एक कार्डसुद्धा टाकलं नाही.

रडू म्हणून आलं नाही मला. भांडण यायचं. भाजीवाल्याशी, नळावर, शेजारणीशी तर रोज. राग मेला नाकावर नाही, जिभेच्या टोकावर. शेवटी एप्रिलात हे एका संध्याकाळी हळूच म्हणाले, "पंधरा दिवस रजा मिळालीय. मालवणकडे नदीकाठी जंगलात फॉरेस्टचा बंगला आहे. परवानगी आणलीय."

"सासरी नाही, माहेरी नाही, जंगलात?"

"तिथं ककणेर आहेत," हे म्हणाले. एखाद्यानं सोनं आहे म्हणावं तसं!

ककणेर म्हणजे पुस्तकातला धनेश. घारीएवढा पक्षी, काळापांढरा, केळ्याएवढी पिवळट चोच आणि चोचीवर आणखी एक शिंग. देवानं उरलीसुरली सामग्री एकाच ठिकाणी चिकटवलेली.

आगबोटीनं मालवण, पडावातून किनारा, एसटीनं धामापूरच्या तळ्यापर्यंत, आणि तिथून डोंगर उतरून नदीवर. मी वाटभर बडबडत होते. बंगला म्हणजे चिऱ्याच्या दोन खोल्या नि पुढे पडवी. पण पडवीत उभं राहिलं की खाली हिरवीगार नदी आणि काठानं इतकी दाट झाडी, की दुपारीही सावलीचा थंडावा वाटायचा. मी गप्प झाले. ह्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं, मी तोंड फिरवलं. लगेच बरं म्हणायला मी काय दुधखुळी?

बंगला राखणारा म्हातारा ख्रिस्ती होता, खाकी अर्धी चड्डी घालणारा, अबोल. बोलण्याचं खातं बायकोकडे. तिला मी मावशी म्हणायचे, ती मला चेडवा, म्हणजे पोरी. सकाळी घावणे, दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि नदीतल्या काळुंदर माशांचं तिखलं. पहिल्याच दिवशी माझं पान बघून म्हणाली, "पाखरां बघूक इल्लंस, पाखरासारखां खाव नको." खूप दिवसांनी मी पोटभर जेवले.

पहाटे उठून ह्यांच्या मागून जंगलात हिंडायचं. तांबट, हळद्या, खंड्या, कोतवाल. हे बोट दाखवायचे, वहीत लिहायचे, मी जांभया द्यायचे. तिसऱ्या दिवशी बंगल्याच्या खालच्या अंगाला एका जुन्या सातविणीसमोर त्यांनी मला बसवलं. दोन पुरुष उंचीवर ढोली होती, पण ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं. मध्ये फक्त उभी चीर, बोट जाईल एवढी.

"आत मादी आहे," हे कुजबुजले. "नर तिला आत कोंडतो. मातीनं तोंड बंद करतो. चोचीपुरती फट ठेवतो."

"किती दिवस?"

"दोन-अडीच महिने. पिल्लं मोठी होईपर्यंत."

तेवढ्यात पंखांचा मोठा घोंघाट झाला नि नर आला. चिरीतून आतली चोच बाहेर आली. हा गळ्यातून एकेक वडाचं फळ काढून तिला भरवत राहिला. हे हरखून गेले होते. मी म्हटलं, "मेल्याचं प्रेम बघा! आधी कोंडायचं आणि मग फळं भरवायची."

हे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या नाकात ओव्याची धुरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आणि म्हातारा होडीनं पलीकडच्या बाजाराला गेले. मावशी लाकडं आणायला गेली. मी एकटी पडवीत बसले होते आणि डोळ्यांसमोरून ती चीर हलेना. स्वयंपाकघरामागं आंबे काढायची घळ टेकून ठेवलेली, लांब बांबू, टोकाला जाळी नि कोयतीसारखं पातं. आंब्याच्या गावची मुलगी मी, घळ हातात घेतली की कुठल्या फांदीवर किती जोर लावायचा हे हाताला कळतं. सातविणीसमोरच्या उंच कातळावर चढले आणि घातला पहिला घाव. माती कसली, चिराच! चौथ्या-पाचव्या घावाला अर्धी भिंत ढासळून खाली पडली.

"ये गो भायर," मी ओरडले. "सुटलंस!"

काही उडालं नाही. आतून एक भेदरलेला डोळा दिसला, मग घुसमटल्यासारखा कर्कश आवाज, आणि ती आणखी आत सरकली.

"काय केलंस गो ह्या!" मागं मावशी उभी. डोक्यावरची मोळी तिनं तिथंच टाकली. "शिरा पडली तुझ्या तोंडार! काय केलंस?"

"तिला कोंडलं होतं त्यानं..."

"कोणी कोंडल्यान? ती आपणच कोंडून घेता! भितरसून आपणच भित लिपता. तो मेलो नुसती माती हाडून दिता." मावशीनं खालचं ढेकूळ उचलून मला दाखवलं. आतली बाजू चोचीनं थापून थापून गुळगुळीत केलेली. बाहेरून कुणी तशी करूच शकलं नसतं. "भितर गेली काय तिची पाखां झडतत. उडूक गावना नाय. पिल्लू उघडां, ती उघडी. म्हणान भित. आता घोरपड चडली तर आवय नाय नि पिल्लू नाय."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मावशीला म्हटलं, ह्यांना सांगू नकोस. ती म्हणाली, "माका काय गरज? तूच सांगशीत."

मग मी झाडाखाली बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. हातात काठी, घोरपड आली तर ठेचीन म्हणून. नर आला. समोरच्या फांदीवर बसून त्यानं फुटलेल्या ढोलीकडे पाहिलं. मान वाकडी, मान सरळ. जवळ गेलाच नाही, गळ्यातली फळं तशीच घेऊन उडून गेला. मी त्याला मागून हाक मारली, चक्क हाक मारली, "अरे, ये रे बाबा, पाया पडते."

संध्याकाळी हे परतले, झाडाकडे गेले, पडक्या भिंतीकडे दुर्बीण लावून उभे राहिले. "घोरपडीचं काम असेल," म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. त्यांनी वही उघडली आणि तशीच मिटली.

पहाटे त्यांच्या आधी मी झाडाखाली. एप्रिलातली माती खडखडीत, त्याला चिखल कुठे मिळणार म्हणून दोन कळशा पाणी ओतून मी कोपरापर्यंत हात घालून चिखल मळून ठेवला. नर आला, पण त्यानं त्या चिखलाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही! तो नदीवरूनच आपला गोळा घेऊन आला होता. ढोलीशी लटकून त्यानं तो आत दिला. थोडा वेळ शांत. मग आतून आवाज आला. टक. टक. टक. ती चोचीनं माती थापत होती.

तीन दिवस ती थापत होती. तो आणून देत होता, ती आतून जग बंद करत होती. मी समोर बसून ऐकत होते आणि मला राहून राहून उंबऱ्यावरची आईची पाठ दिसत होती. नवव्या दिवसानंतर गावातल्या बायका समाचाराला यायच्या. "पांढऱ्या पायाची", "परत होईल गो", "नजर लागली" असलं काहीबाही तोंडात घेऊन. त्यांतली एकसुद्धा उंबरा ओलांडून माझ्यापर्यंत पोचली नव्हती. मला वाटलं होतं, आई मला बाहेर सोडत नाही. ती कुणाला आत सोडत नव्हती. चाळीस दिवस. आणि मी तिला वर्षभर कार्ड टाकलं नव्हतं. तिथं, त्या झाडाखाली, हातापायाला चिखल माखलेला असताना मला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबून रडले, मुलीसाठी रडले. मावशी येऊन शेजारी बसली, बोलली नाही. तिनं गप्प बसल्याची ही एवढीच आठवण माझ्यापाशी आहे.

आईला कार्ड मी तिथूनच लिहिलं.

आमची रजा संपली तेव्हा ढोलीला पुन्हा चीरच उरली होती. पण आत पिल्लू जगलं की त्या दुपारच्या धसक्यानं गेलं, कुणालाच सांगता येईना. मावशी म्हणाली, "शाळेतल्या मास्तराकडसून कार्ड घालतंय."

परतीच्या होडीत मी ह्यांना म्हटलं, "ती भिंत घोरपडीनं नाही पाडली."

"ठाऊक आहे. घळीच्या पात्याला माती होती."

"मग वहीत का नाही लिहिलंत?"

हे नदीकडे बघत म्हणाले, "वही पक्ष्यांची आहे." मग म्हणाले, "आणि नर कोंडतो म्हणून मीच सांगितलं होतं. पुस्तकात चुकीचं आहे, किंवा मी चुकीचं वाचलं."

मुंबईत मी रोज पोस्टमनची वाट बघायला लागले. चाळीत आमचा पोस्टमन कार्ड हातात द्यायच्या आधी वाचून मोकळा व्हायचा. मे संपता संपता एका दुपारी तो जिन्यातूनच ओरडला, "गोड बातमी आहे!" अक्षर मास्तरांचं, शब्द मावशीचे: 'बाळंतीण भायर पडली. पिल्लू एक. दोघां बरीं आसत. बापूस फळां हाडता. काळजी नको.'

नळावरच्या सगळ्या बायका जमा. माझी रोजची भांडकुदळ शेजारीण पुढं. "कोण गं बाळंत झालं?" विचारलं तिनं, पण जपून. तिला आदल्या वर्षीचं ठाऊक होतं ना.

"माझी मैत्रीण," मी म्हटलं. "मालवणकडची."

"मग तोंड गोड कर की!"

हे कचेरीतून आले तसं मी कार्ड हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मी म्हटलं, "चाळीत वाटायला काहीतरी गोड आणा." ते चप्पलही न काढता गेले.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे चाळीतलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पिल्लू नर की मादी, हे कार्डात कुठेच नव्हतं, आणि मीही त्यांना सांगितलं नव्हतं. ते आले, पुडा माझ्या हातात ठेवला आणि पंचा घेऊन मोरीत तोंड धुवायला गेले. बराच वेळ धूत होते. मी दोरा सोडला. आत बर्फी होती.

चौदा बिऱ्हाडं फिरले मी. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगत गेले, मुलगी झाली.