सात पंच्याऐंशी

दिवसभर तो दातांच्या कवळ्या घडवायचा. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे साचे यायचे, आणि केसाएवढा उंचवटा राहिला तरी बिचाऱ्या म्हाताऱ्याला घास चावता यायचा नाही, म्हणून हाताला बारकाव्याची सवय लागलेली. हाच बारकावा फावल्या वेळात त्याने एका प्रोग्रॅममध्ये ओतला होता. हौशी रेडिओवाल्यांसाठी होता तो. रेडिओ संगणकाला जोडायचा, बटण फिरवत बसण्याऐवजी पडद्यावरच्या चौकटीत फ्रिक्वेन्सी लिहायची, की रेडिओ आपसूक त्या जागेवर. तीसेक जण तो वापरत. चौकट मात्र भलती शिस्तीची: आधी मेगाहर्ट्झ, मग टिंब, मग पुढचे तीन आकडे शून्यासकट. कुणी कुरकुरलं की हा म्हणायचा, "शून्यालाही किंमत असते." त्यावरून मंडळींनी त्याचं नाव शून्यराव ठेवलं, आणि त्यालाही त्याचा थोडा अभिमानच वाटे.

रेडिओचा नाद त्याला मामांनी लावला. मामांची उमर जहाजांवर रेडिओ सांभाळण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजवा हात थरथरायचा. मामीने एकदा शून्यरावला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझ्या त्या चौकटीत आकडा घालताना यांच्या नाकी नऊ येतात रे." तो म्हणाला, "सवय होईल, मामी." आणि विसरून गेला.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला घाटात दरड कोसळली. एक बस अर्धी मातीखाली, रस्ता बंद, पलीकडचे फोन मुके. पलीकडच्या गावात रेडिओ असलेला माणूस एकच, शाळेतला मास्तर. तो बॅटरीवरचा संच घेऊन बसपाशी पोचला होता. मामांनी त्याचा आवाज पकडला आणि दुसऱ्या कानाला इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन लावून बसले. मास्तर विचारायचा, मामा फोनवर सांगायचे, बाईंचं उत्तर उलट मास्तरला. ड्रायव्हरचा पाय पत्र्यात अडकला होता. रक्त थांबावं म्हणून मास्तरने मांडीला पट्टा आवळला होता.

सव्वाअकराला शून्यरावचा फोन वाजला. मामी होती.

"लगेच ये. यंत्र मेलंय, आणि तिकडे माणूस मरतोय."

हातातला साचा तसाच टाकून तो पळाला. दोनच गल्ल्या, पण जिना चढेपर्यंत ऊर धपापायला लागला. मामा घामाने निथळत होते. डावा हात बोलण्याच्या बटणावर, पण मीटरची सुई जागची हलत नव्हती. स्पीकरमधून नुसती खरखर.

"मास्तर म्हणाला, या फ्रिक्वेन्सीवर गोंगाट फार आहे, सात पंच्याऐंशीवर या," मामा म्हणाले. "मी गेलो. तिथे कुणीच नाही. बटण दाबतोय तर संचही बोलू देत नाही."

शून्यरावने पडद्याकडे पाहिलं. चौकटीत होतं ७.८५. यंत्राने त्याचं सात आठशे पन्नास केलं होतं. हौशी लोकांना नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर, जिथे संचाला बोलायला बंदी. तोंडाने सगळेच सात पंच्याऐंशी म्हणत. लिहायचं मात्र ७.०८५. एक शून्य गळलं होतं, आणि चौकटीने चकार शब्द काढला नव्हता.

त्याने आकडा घातला. लगेच मास्तरचा आवाज आला, घसा बसलेला: "...तिसऱ्यांदा विचारतोय, पट्टा सैल करू का? पाय काळानिळा पडतोय. कुणी ऐकतंय का?"

मामांनी फोनवर विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुळीच नाही. इथे येईपर्यंत हात लावायचा नाही."

"बरं झालं," मास्तर म्हणाला. "सोडायलाच घेतला होता."

अकरा मिनिटं गेली होती. मामा हळूच म्हणाले, "माझाच हात चुकला." शून्यरावला ते वाक्य थोबाडीत बसल्यासारखं लागलं. हात चुकला नव्हता. कानांनी ऐकलं तेच हातांनी लिहिलं होतं.

रेडिओवर दुसऱ्या केंद्रांचा गोंगाट पुन्हा सरकत येत होता. तासाभरात परत जागा बदलावी लागणार, हे दोघांनाही कळत होतं. तो आतल्या खोलीत गेला, मामांचा जुना संगणक पलंगावर ठेवला आणि प्रोग्रॅम बदलायला उघडला. भिंतीपलीकडून मास्तरचा आवाज येत होता, नाडी इतकी, पाणी घोटभर. त्याची बोटं पहिल्यांदाच चुकायला लागली. टिंब काढलं. नुसते दोन-तीन आकडे लिहिले तर मेगाहर्ट्झ आहे तेच धरायचं. पट्ट्याबाहेरचा आकडा घ्यायचाच नाही, जागा सोडायची नाही आणि तसं ठळक सांगायचं. एक बटण, दाबलं की मागच्या जागेवर परत. पन्नास मिनिटं लागली. तपासायला वेळ नव्हता.

"मामा, हे नवीन बसवू?"

"चालत्या गाडीचं चाक बदलतोस?" मामांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "बिघडलं तर?"

"जुनं बाजूला ठेवलंय. अर्ध्या मिनिटात परत आणतो. बटण हाताने फिरवायला मी इथेच उभा आहे."

मामांनी मास्तरला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. ती दोन मिनिटं मामी देवासमोर उभं राहावं तशी दाराशी उभी होती. रेडिओ बंद झाला, चालू झाला, मास्तरचा श्वास पुन्हा ऐकू आला.

पाऊण वाजता मास्तर म्हणाला, "काही ऐकू येत नाही. ब्याण्णववर या."

मामांच्या थरथरत्या बोटाने दोनऐवजी तीनदा कळ दाबली गेली, ९२२. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: पट्ट्याबाहेर. रेडिओ जागचा हलला नाही. मामांनी दम खाल्ला, पुन्हा लिहिलं, ९२, एंटर. मास्तर तिथे होता.

चार वाजता माणसं खांद्यावर झोळी करून ड्रायव्हरला दरडीवरून अलीकडे घेऊन आली. जीव वाचला, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शून्यराव आठवड्याने इस्पितळात जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटला आणि सरळ विचारलं, "त्या अकरा मिनिटांनी गेला का पाय?"

"बहुधा नाही. पत्र्यानेच चेचला होता," त्या म्हणाल्या. "पण छातीला हात लावून नाही सांगता येणार."

त्याला ते उत्तर गिळावं लागलं.

पुढच्या महिन्यात तो त्या तीसेक जणांपैकी प्रत्येकाच्या घरी जाऊन आला. काही शिकवायला नाही. शेजारी खुर्ची ओढून बसायचा, वही मांडीवर, आणि सांगायचा, "मी नाही असं समजा, रोजच्यासारखं चालू द्या." एकाला चष्मा लागायचा, एकीला डाव्या हाताने लिहायची सवय, एक आजोबा आकडे मोठ्याने म्हणत लिहायचे आणि पंच्याऐंशीतला पाच आधी ऐकून अठ्ठावन्न लिहून बसायचे. तोंड उघडायची ऊर्मी यायची, पण तो गप्प राहून वहीत उतरवून घ्यायचा.