मोठीच्या नावाने

मोठी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा धाकटी नुकतीच शिवणाच्या दुकानात कामाला लागली होती. तान्ह्या बाळाकडे कोण बघणार, म्हणून घरच्यांनी तिचं लग्न भावजींशी लावून दिलं. पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडून मोठीचं नाव गेलं. धाकटीने ओ दिली. माणूस दुःखात आहे, सावरेल, असं तिला वाटलं. ते सावरले, पण नाव तेच राहिलं. पुढे शेजारीपाजारी, दुकानातल्या बायका, सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

म्हातारपणी नवरा गेला आणि तिने अंथरूण धरलं. दुखणं अंगात सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला मन मोकळं करायला एका बाईंकडे पाठवलं. तिथे ती नवऱ्याबद्दल बोलली, बहिणीच्या, तिने वाढवलेल्या मुलाबद्दल बोलली. एकदा बाईंनी विचारलं, "लहानपणी तुम्हाला काय म्हणायचे?"

तिने स्वतःचं नाव घेतलं आणि तिला रडू कोसळलं.

घरी येऊन तिने मुलाला सांगितलं, "यापुढे मला माझ्या नावाने ओळखू दे लोकांना."

"आई, या वयात नाव बदलून काय मिळणार?"

"बदलत नाही रे. माझंच आहे ते."

मुलगा तिच्याजवळ बसून राहिला.

अंथरुणातून उठून ती पुन्हा दुकानात जाऊ लागली. तिथे आता कुणी सवयीने जुनं नाव घेतलं, की ती सुई थांबवून सांगते, "ती माझी बहीण. ती गेली." इतक्या वर्षांत हे तिने कुणाजवळ म्हटलंच नव्हतं. मग डोळे पुसून ती पुन्हा टाका घालते.