उसातली वाट

पिंपळवंडीहून मी निघाले, तेव्हा आमच्या बाजरीच्या रानात पहिल्यांदाच ऊस उभा राहिला होता. कालव्यावरून पाइपलाइन आली होती. माझी बॅग गाडीत ठेवत आप्पा म्हणाले, "आता आपण मागासलेले न्हाई राहिलो. तू बिनघोर जा."

पंधरा वर्षं झाली. मँचेस्टरच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. पारंपरिक समाज आधुनिक कसे होतात, हा माझा विषय. एक मत म्हणतं, समाज पायरीपायरीनं वर चढतो आणि जुनी भीती मागं पडते. दुसरं म्हणतं, एकाची प्रगती दुसऱ्याच्या अंगावरून जाते. दोन्ही मी आवडीनं शिकवायचे.

आप्पा वारल्यावर मी आईकडे राहायला आले होते. भर दुपारी रानात निघताना तिनं गळ्यात चामड्याचा पट्टा बांधला. त्याला बाहेरून लोखंडी खिळे होते.

"हे काय गं?"

"तो मागनं येतो. मान धरतो."

बिबट्याचं नाव ती घेत नव्हती. ऊस वाढला तसा तो डोंगर सोडून उसात आला. त्याची पिल्लं तिथंच जन्मली. त्यांना ऊस हेच जंगल. शेजारच्या ताराकाकूंना गवत कापताना त्यानं ओढून नेलं, तेव्हापासून बायका पट्टा बांधतात.

वाटेच्या दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस. एका खांबाला टांगलेला रेडिओ माणूस नसलेल्या शेताला हिंदी बातम्या सांगत होता. बिबट्याला माणसांचा आवाज यावा आणि त्यानं लांब राहावं, म्हणून रेडिओ दिवसभर चालू ठेवतात. माझ्या बुटाची नाडी सुटली. मी वाकले.

"वाकू नको! वाकलेलं माणूस त्याला शेळीवानी दिसतं."

वारा पडलेला होता, तरी उजवीकडचा ऊस हलला. सावकाश, आमच्याच चालीनं. आम्ही थांबलो की तोही थांबायचा.

आईनं स्वतःचा पट्टा सोडून माझ्या गळ्यात बांधला. चामडं तिच्या घामानं ओलं होतं.

"आणि तुला?"

"तू म्होरं हो. मागं बघू नको. मोठ्यानं बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"तिकडं पोरांना शिकवती ना, तेच सांग."

मी सांगू लागले. पारंपरिक समाज, मग यंत्रं, शाळा, शहरं. भीती कशी मागं पडते तेही सांगितलं. कान मात्र मागच्या चपलांकडे होते. मध्येच चपला वाजायच्या थांबल्या. माझे शब्द संपले. ऊसही गप्प.

मग खालच्या आवाजात आई म्हणाली, "व्हय, मग?"

आम्ही घरी पोचलो. मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, "इथं निदान तो कुठनं येतो, ते ठावं हाय."

माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, घर म्हटल्यावर तुम्हाला अंगण आठवत असेल, जेवणाचा वास आठवत असेल. मला उघड्या मानेनं माझ्या मागून चालणारी आई आठवते, आणि "मग?" म्हणेपर्यंतची ती शांतता.